‘झालंय’ म्हणजे नक्की किती झालंय? विमान देखभालीतली माणसाची चूक

धानोरीकर

मंडळी, नमस्कार. इथे बरीच वर्षं वाचनमात्र आहे. धागा पहिल्यांदाच काढतोय, मांडणीत उणंअधिक असेल तर सांभाळून घ्या.

मी एएमई आहे, म्हणजे एअरक्राफ्ट मेंटेनन्स इंजिनिअर. विमान रात्री उतरतं आणि पहाटे पुन्हा निघतं, त्या मधल्या वेळात त्याला हात लावणारी जी माणसं असतात त्यांतला एक. २४ वर्षं झाली. एवढ्या वर्षांत मला सगळ्यात जास्त धास्ती वाटत आली ती एका शब्दाची. ‘झालंय.’

‘चाक?’ ‘झालंय.’ ‘पॅनल?’ ‘लावलंय.’ ‘ऑइल?’ ‘बघितलंय.’ या तिन्ही उत्तरांतून किती झालंय, कुणी केलंय आणि कार्डावर चढलंय का, यातलं काहीच कळत नाही. ‘लावलंय’ म्हणजे हाताने फिरवून बसवलंय, की टॉर्क रेंचने (ठरलेला जोर मोजून देणाऱ्या पान्याने) आवळून, लॉक करून, सही करून मोकळे झालात? बोलणाऱ्याच्या डोक्यात एक असतं, ऐकणाऱ्याच्या डोक्यात दुसरं, आणि पहाटे तीन वाजता दोघांनाही वाटतं की आपलं बोलणं झालं.

माझ्याच हातून घडलेलं सांगतो. पुण्याबाहेरची गोष्ट, तेरा-चौदा वर्षांपूर्वीची. रात्री अडीचच्या सुमाराला एका जेटचं मुख्य चाक बदलत होतो. चाकाचा मोठा नट एकदाच आवळून भागत नाही. आधी चाक फिरवत फिरवत जास्त टॉर्क द्यायचा, मग नट सैल करायचा, मग ठरलेल्या कमी टॉर्कवर पुन्हा आणायचा. त्यानंतर नट फिरू नये म्हणून दोन छोटे बोल्ट लावून तो लॉक करायचा आणि शेवटी वरून हबकॅप. माझा दुसरा टॉर्क झाला आणि रेडिओवर हाक आली. पलीकडच्या बेवर (विमान उभं करायच्या जागेवर) दुसऱ्या विमानाला स्नॅग, म्हणजे बिघाड होता, आणि पहाटेची पहिली फ्लाइट तीच. मी उठलो. जोडीदाराला म्हणालो, ‘चाक लावलंय रे, बंद करून घे.’

मला म्हणायचं होतं: बोल्ट लावून लॉक कर, मग हबकॅप लाव. त्याला कळलं: सगळं झालंय, फक्त हबकॅप लावायची आहे. त्याने हबकॅप लावली. ती बसली की आतलं काही दिसत नाही.

पाऊण तासाने आमचा हेल्पर ट्रे उचलायला गेला, तर फडक्याखाली दोन बोल्ट. ते डब्यात टाकून तो पुढे गेला असता तर कुणाला पत्ता लागला नसता. तो ट्रे घेऊन बेवर पळत आला आणि विचारलं, ‘साहेब, हे दोन जादा आहेत की राहिलेत?’ विमान जमिनीवरच होतं. हबकॅप काढली, टॉर्क पहिल्यापासून दिला, लॉक केलं.

कार्डावर प्रत्येक पायरीपुढे सहीची जागा असते. माझ्या झालेल्या पायऱ्यांवरही सह्या नव्हत्या, शेवटी एकदम करू म्हणून ठेवल्या होत्या. म्हणजे जोडीदाराने कार्ड उघडून पाहिलं असतं तरी त्याला काही कळलं नसतं. त्याची चूक अर्धी म्हणता येईल. कार्डाची चूक पूर्ण माझी.

असंच, पण फार मोठं, २३ फेब्रुवारी १९९५ ला इंग्लंडमध्ये घडलं. ब्रिटिश मिडलंडचं बोइंग ७३७-४०० ईस्ट मिडलंड्सहून लँझारोटेला निघालं आणि थोड्याच वेळात दोन्ही इंजिनांचं ऑइल उतरू लागलं. पायलटांनी ते ल्यूटनला उतरवलं, सगळे वाचले. आदल्या रात्री दोन्ही इंजिनांची बोरस्कोप तपासणी झाली होती, म्हणजे इंजिनाच्या पोटात दुर्बीण घालून पाहणी. त्यासाठी रोटर, म्हणजे इंजिनाचा फिरणारा भाग, हाताने फिरवायला एक झाकण काढतात. दोन्ही इंजिनांची ती झाकणं परत बसवलीच नव्हती. काम एकाने सुरू केलं, दुसऱ्याने हातात घेतलं. मधलं हस्तांतर तोंडी होतं. शेवटी इंजिन चालवून गळती बघायची पायरी असते, तीही झाली नाही.

तुमच्या कामात अर्धवट काम दुसऱ्याच्या हाती कसं जातं? इथे निरनिराळ्या क्षेत्रांतली माणसं आहेत, म्हणून विचारतोय.

भोसरी_एमआयडीसी

धागा आवडला. आमच्याकडे गाड्यांचे सुटे भाग जोडतात. नट टॉर्क झाला की नट आणि खालचा भाग यांवर मिळून पेंटची एक रेघ मारतो. रेघ नाही म्हणजे टॉर्क नाही, आणि रेघ तुटलेली दिसली म्हणजे नट फिरला. तोंडाने कुणी काहीही सांगो, रेघ बघायची. विमानात असं नसतं का?

शिफ्ट बदलताना दोन्ही शिफ्टची माणसं दहा मिनिटं एकत्र असावीत असा नियम आहे. पण जाणाऱ्याची कंपनीची बस गेटवर उभी असते. त्या दहा मिनिटांत हातात वही आणि डोळे बसकडे. आमच्या निम्म्या भानगडी त्या दहा मिनिटांतल्या आहेत.

धानोरीकर

असतं. टॉर्क सील म्हणतात, तीच रेघ. पण हबकॅपखाली गेलेली रेघ कुणाला दिसणार? झाकलं जाणारं काम झाकायच्या आधी दुसऱ्या डोळ्यांनी बघायचं, ही आमची खरी पायरी. त्या रात्री मी तीच गाळली.

बसचं तुम्ही लिहिलंत ते अगदी खरं आहे. आमच्याकडे बस नसते, पुश-बॅकची, म्हणजे विमान मागे ढकलून निघायची वेळ असते.

नळस्टॉप

माफ करा, पण मला हे वाचून धक्का बसला. मी महिन्यातून दोनदा लोहगावहून दिल्लीला जातो. चाकाचे बोल्ट राहतात, झाकणं राहतात, आणि त्याला ‘संवादातला गोंधळ’ म्हणायचं? हा निष्काळजीपणा आहे. लायसन्स रद्द व्हायला हवं. कडक शिक्षा झाली तरच पुढचा माणूस नीट काम करेल. धानोरीकर, तुम्ही प्रामाणिकपणे लिहिलंत त्याचा आदर आहे, पण प्रवासी म्हणून माझं मत हेच आहे.

निवृत्त_एअरमन

नळस्टॉप, तुमचा राग समजतो. मी वायुदलात विमानांच्या देखभालीवर २० वर्षं काढली, त्यातली काही इथेच लोहगावला. आमचं एक पुस्तक असतं, फॉर्म ७००. त्या विमानाचं जे काही उघडलं, काढलं, बदललं ते त्यात. पायलट त्यात सही केल्याशिवाय विमान ताब्यात घेत नाही. आमच्या सार्जंटचं पहिल्या दिवसाचं वाक्य अजून कानात आहे: ‘पाना उचलायच्या आधी पेन उचल.’ पॅनल उघडतानाच नोंद करायची, बंद करताना नव्हे. उघडल्याची नोंद असली की बंद केल्याची सही मिळेपर्यंत ते पान मोकळं दिसत राहतं, आणि मोकळं पान कुणालाही डाचतं.

आणखी एक म्हणजे हत्यारांचा फळा. प्रत्येक पान्याच्या आकाराची सावली फळ्यावर रंगवलेली. पाना उचलला की सावली उघडी पडते आणि तिथे तुमच्या नंबरचा बिल्ला टांगायचा. एका संध्याकाळी एका सावलीत पाना आला नाही. विमान थांबवलं. सीट बाहेर काढली, पॅनल उघडली, टॉर्च घेऊन आठ जण रात्रभर शोधत होतो. पहाटे पाना सापडला तो एकाच्या ओव्हरऑलच्या मांडीवरच्या खिशात, धुवायच्या कपड्यांच्या ढिगात. त्या पोराला ओरडा बसला का? बसला. पण पाना नाही हे त्याने स्वतःच येऊन सांगितलं होतं, आणि सांगितल्याबद्दल त्याला कुणी एक शब्द बोललं नाही. ओरडा खिशाबद्दल होता. हा फरक आमच्या अधिकाऱ्याने सगळ्यांसमोर समजावून सांगितला होता.

धानोरीकर

सर, ‘ओरडा खिशाबद्दल होता’ हे मी आमच्या पोरांना सांगणार आहे.

नळस्टॉप, तुम्ही विचारलंत ते टाळत नाही. शिक्षेचा मुद्दा एका उदाहरणावरून बघू, कारण त्यात चूक एका माणसाची आहे हे पहिल्या नजरेत कुणालाही पटेल.

१० जून १९९०. ब्रिटिश एअरवेजचं बीएसी वन-इलेव्हन, बर्मिंगहॅमहून मलागाला. सुमारे १७,३०० फुटांवर कॅप्टनच्या बाजूची समोरची काच निखळून गेली. कॅप्टन अर्धा बाहेर ओढला गेला. केबिनमधल्या सहकाऱ्यांनी त्याला पायांना धरून ठेवलं आणि सहवैमानिकाने विमान साउथहॅम्प्टनला उतरवलं. कॅप्टनसह सगळे वाचले.

ती काच २७ तास आधी बदलली होती. काचेला ९० बोल्ट. नव्याने लावलेल्यांपैकी ८४ बोल्ट हवे त्यापेक्षा ०.०२६ इंच बारीक होते. मिलिमीटरमध्ये सांगायचं तर ०.६६. उरलेले ६ जाडीला बरोबर, पण लांबीला कमी.

हे लावणारा माणूस नवखा नव्हता, त्या रात्रीचा शिफ्ट मॅनेजर होता. माणसं कमी होती म्हणून त्याने स्वतः काम हातात घेतलं. वेळ पहाटे तीन ते पाचची, शरीर सगळ्यात मंद असतं ती. निघालेला जुना बोल्ट त्याने नमुना म्हणून घेतला आणि सुटे भाग ठेवतात तिथे जाऊन नजरेने जुळवला. प्रकाश कमी. पार्ट नंबर कॅटलॉगमध्ये बघितला नाही. स्टोअरच्या माणसाने सांगितलं होतं की या कामाला अमुक नंबरचा बोल्ट लागतो. ते ऐकून मागे पडलं. आणि मुळात निघालेला जुना बोल्टच योग्य नंबरचा नव्हता! आधीच्या कुणीतरी कमी लांबीचे लावले होते आणि ते चार वर्षं टिकले होते, म्हणून ते ‘चालतात’ असा समज पक्का होता. काच बाहेरून बसवायची, म्हणजे आतल्या हवेचा सगळा दाब बोल्टांवर. तरीही हे काम दुसऱ्याने तपासायच्या यादीत नव्हतं. करणाराही तोच, सही करणाराही तोच.

आता त्या माणसाचं लायसन्स काढून घ्या. पुढच्या रात्री दुसरा माणूस त्याच अंधाऱ्या कोपऱ्यात, तेवढ्याच कमी माणसांत, तसाच जुना बोल्ट हातात घेऊन उभा राहील. त्याला मोकळं सोडा असं मी म्हणत नाही. कॅटलॉग न बघणं ही त्याची चूक आहेच, आणि जाणूनबुजून नियम तोडणाऱ्याला शिक्षा व्हायलाच हवी. पण बाकीच्या सात-आठ गोष्टी तशाच राहिल्या तर प्रवासी म्हणून तुम्हाला काय मिळालं?

दुसरं उदाहरण याच्या उलट टोकाचं. २ ऑक्टोबर १९९६ ला एरोपेरूचं बोइंग ७५७ लिमाहून निघाल्यावर समुद्रात पडलं, ७० माणसं गेली. विमान धुताना स्टॅटिक पोर्टवर टेप लावली होती. ही छिद्रं बुजली की उंची आणि वेग दोन्ही खोटे दिसतात. टेप काढायची राहिली. चंदेरी टेप, खाली चंदेरी धातू, वेळ रात्रीची. धुणाऱ्याला ती राहिल्याचं कळलं नाही, निघण्यापूर्वी विमानाभोवती फिरून बघणाऱ्यालाही दिसली नाही. पुढे त्या कामगारावर खटला चालला आणि तो दोषी ठरला. माझ्या मते त्या छिद्रांवर भडक रंगाचं, लांब लाल पट्टी लोंबणारं झाकण असतं तर त्या ७० जणांना जास्त उपयोग झाला असता.

गणितमास्तर

उत्तम धागा. अवांतर वाटेल, पण गोंधळ आकड्यांचाही असतो. एअर कॅनडाचं बोइंग ७६७, २३ जुलै १९८३. दरवर्षी मी हे गणित नववीच्या वर्गात फळ्यावर घालतो. पुण्यातली मुलं अचूक सोडवतात आणि उत्तर बघून गप्प होतात.

विमानाला हवं होतं २२,३०० किलो इंधन. टाकीत काठी बुडवून मोजलं तर ७,६८२ लिटर. लिटरचे किलो करायला ०.८०३ ने गुणायचं. पण रिफ्युएलिंगच्या कागदावर आकडा होता १.७७, आणि तो होता एका लिटरचे पाउंड. त्या काळी कॅनडा मेट्रिककडे वळत होता. कंपनीची बाकी विमानं पाउंडवर, हे नवं विमान किलोवर.

तर ७,६८२ × १.७७ = १३,५९७. हे ‘किलो’ समजले. २२,३०० वजा १३,५९७ म्हणजे ८,७०३. त्याला पुन्हा १.७७ ने भागलं, ४,९१७ लिटर भरले. खरं उत्तर २०,०८८ लिटर. एकक सोडलं तर गुणाकार, वजाबाकी, भागाकार सगळं बिनचूक. ४१,००० फुटांवर इंधन संपलं आणि विमान इंजिनांशिवाय तरंगत गिमलीच्या जुन्या हवाईतळावर उतरलं. ६९ जण होते, सगळे वाचले.

एकक न लिहिणाऱ्या पोराचा मी अर्धा गुण कापतो, पालक भांडायला येतात. त्यांना हेच गणित दाखवतो.

धानोरीकर

मास्तर, यात आमच्या खात्याचाही एक धागा आहे. काठी बुडवायची वेळ मुळात का आली? कॉकपिटमधली इंधनाची मापं कोरी होती म्हणून. आदल्या मुक्कामी एका तंत्रज्ञाने शोधून काढलं होतं की एका चॅनलचा सर्किट ब्रेकर ओढून ठेवला तर दुसऱ्यावर मापं चालतात. त्याने ब्रेकर ओढला, त्यावर खूण लावली. मॉन्ट्रियलला दुसऱ्याने तपासणीसाठी तो ब्रेकर परत दाबला. तेवढ्यात इंधनाची गाडी आली, त्याचं लक्ष गेलं, आणि ब्रेकर पुन्हा ओढायचा राहिला. खूण मात्र लावलेली तशीच. पुढे येणाऱ्याने खूण बघितली आणि ब्रेकर ओढलेला आहे असं धरलं.

माझ्या हबकॅपसारखंच. वरून बघणाऱ्याला काम झालेलं दिसतं.

ओटी_सिस्टर

मी ऑपरेशन थिएटरमध्ये १८ वर्षं आहे. वाचताना सारखं वाटत होतं की हे आमचंच आहे. आमच्याकडे मॉप आणि गॉज, म्हणजे रक्त टिपायची फडकी मोजतात. सुरुवातीला, पोट बंद करण्याआधी आणि कातडी शिवण्याआधी. मोजताना दोघी लागतात, आणि दोघींनी मोठ्याने मोजायचं, मनात नाही. ‘बरोबर आहे ना?’ असं विचारायची आमच्या हेड सिस्टरची सक्त मनाई आहे. त्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ असंच येतं. ‘किती आहेत?’ असंच विचारायचं.

जागतिक आरोग्य संघटनेची शस्त्रक्रियेची चेकलिस्ट २००८ मध्ये आली, १९ मुद्द्यांची. ती विमानवाल्यांकडून शिकलेली पद्धत आहे असं ट्रेनिंगमध्ये सांगितलं होतं. त्यात एक साधी गोष्ट आहे: सुरू करण्याआधी प्रत्येकाने स्वतःचं नाव आणि काम सांगायचं. पहिल्यांदा आम्हाला संकोच वाटला, रोज एकत्र काम करतो की. पण एकदा स्वतःचं नाव मोठ्याने घेतलेली नवी मुलगी पुढे काही चुकतंय असं दिसलं तर बोलते. नाहीतर गप्प राहते. हे मी डोळ्यांनी बघितलंय.

शब्दवेडी

सिस्टर, ‘बरोबर आहे ना’ बद्दल १००% सहमत. मराठीत ‘ना’ लावला की समोरच्याने नाही म्हणायची सोयच उरत नाही.

मी तांत्रिक भाषांतर करते, म्हणून भाषेच्या बाजूने थोडं. विमानांची मॅन्युअल एका खास साध्या इंग्रजीत लिहितात. युरोपातल्या विमान उद्योगाने १९८६ मध्ये त्याची पहिली नियमावली काढली, आता तिला एएसडी-एसटीई१०० म्हणतात. मोजके शब्द, आणि एका शब्दाला शक्यतो एकच अर्थ. त्यात ‘फॉलो’ म्हणजे फक्त ‘मागून येणे’, ‘सूचना पाळणे’ या अर्थाने तो चालत नाही. ‘टेस्ट’ फक्त नाम, क्रियापद म्हणून वापरायचं नाही. साहित्याच्या माणसाला हे रुक्ष वाटेल, पण ज्याची मातृभाषा इंग्रजी नाही अशा तंत्रज्ञाला रात्री दोन वाजता याचाच आधार.

मला खुपतं ते पुढचं. कागद इतक्या काटेकोर भाषेत, आणि हँगरमधलं बोलणं मराठी-हिंदीत. ‘बघून घे’, ‘करून टाक’, ‘बंद करून घे’. आपली ही जोडक्रियापदं काम किती झालं ते सांगतच नाहीत, फक्त आता तू बघ एवढं सांगतात. ‘बंद करून घे’ मध्ये झाकण बंद करायचं की काम, हे बोलणाऱ्यालाच माहीत. मराठीत काटेकोर बोलता येतं, ‘पहिला नट आवळला, दुसरा नाही’ यात काय कमी आहे? आपण तसं बोलत नाही, कारण तसं विचारणारा संशयी वाटतो.

धानोरीकर

‘तसं विचारणारा संशयी वाटतो.’ नेमकं. हँगरमध्ये ‘तुला विश्वास नाही का माझ्यावर?’ हे वाक्य मी शंभरदा ऐकलं असेल आणि तरुणपणी स्वतः म्हटलंही आहे.

चौथं_सेमिस्टर

सर, मी पुण्यातच एएमईचा कोर्स करतोय. आम्हाला ह्यूमन फॅक्टर्सच्या पेपरला ‘डर्टी डझन’ आहे. कॅनडात गॉर्डन ड्युपाँट यांनी १९९३ मध्ये काढलेली बारा कारणं. मला सगळी पाठ आहेत: संवादाचा अभाव, लक्ष विचलित होणं, थकवा, दडपण वगैरे. पण यातलं ठामपणाचा अभाव हे जे आहे ते मला कळत नाही, कारण मी ट्रेनी म्हणून जाईन तेव्हा माझ्यासमोर २० वर्षं अनुभवाचा माणूस असणार. तो म्हणाला ‘असंच करतात इथे’, तर मी काय बोलणार? मला ‘तू’ म्हणा, मी लहान आहे.

धानोरीकर

तू विचारलास तो बारातला सगळ्यात अवघड मुद्दा आहे. आणि ‘असंच करतात इथे’ हाही त्याच बारातला एक, तुमच्या पुस्तकात ‘नॉर्म्स’ लिहिलेलं असेल.

‘असंच करतात’ ने काय होतं ते सांगतो. ५ मे १९८३, ईस्टर्न एअरलाइन्सचं तीन इंजिनांचं एल-१०११, मायामीहून नासाऊला. तिन्ही इंजिनांचं ऑइल गळून गेलं. एकेक इंजिन बंद पडत गेलं, शेवटी आधी बंद केलेलं एक पुन्हा सुरू करून तेवढ्यावर मायामीला परतले. आदल्या रात्री तिन्ही इंजिनांचे चिप डिटेक्टर बदलले होते, ऑइलमध्ये धातूचा कण आला तर तो पकडणारा भाग. त्यावर रबराच्या ओ-रिंग हव्यात. तिथल्या मेकॅनिकना हे भाग रोज फोरमनच्या खोलीतून ओ-रिंग लावूनच मिळायचे. त्या रात्री तिथे नव्हते, म्हणून स्टोअरमधून आणले. पाकिटावर ‘वापरण्यायोग्य’ अशी चिठ्ठी, आत ओ-रिंग नाहीत. कार्डावर ‘नवी ओ-रिंग लावा’ असं छापलेलं होतं, पण ती पायरी त्यांच्या हातांना कधी करावीच लागली नव्हती.

म्हणून आता शक्यतो एकाच माणसाने एकाच रात्री सगळ्या इंजिनांवर तेच काम करू नये असं बघतात. एकाची चूक सगळ्या इंजिनांत जायला नको.

आता तू काय बोलायचंस? वरिष्ठाला ‘तुम्ही चुकताय’ म्हणायची गरज नाही. मॅन्युअलचं पान उघडून समोर धर आणि विचार, ‘सर, ही पायरी आपण कधी करायची?’ आमच्या हेल्परने तेच केलं. ‘तुम्ही बोल्ट विसरलात’ असं तो म्हणाला नाही. ‘जादा आहेत की राहिलेत’ असं विचारलं. दुसऱ्या दिवशी मी त्याला चहा पाजला, आणि महिनाभर रोज येऊन मला ट्रे दाखव म्हणून सांगितलं.

नळस्टॉप

दोन दिवस हे सगळं वाचतोय. बोल्टचं उदाहरण डोक्यातून जात नाही. शिक्षेबद्दलचं माझं मत थोडं बदललं आहे, पूर्ण नाही. पण मग प्रश्न वर जातो. रात्री माणसं कमी ठेवली कुणी? एकाला अर्ध्या कामातून उठवून दुसऱ्या विमानाकडे पळवलं कुणी? त्यांची सही कुठल्याच कार्डावर नसते.

धानोरीकर

नसते. याच प्रश्नाची वाट बघत होतो.

११ सप्टेंबर १९९१, टेक्सासमधलं ईगल लेक. कॉन्टिनेंटल एक्स्प्रेसचं एम्ब्रेयर १२० हवेतच मोडलं, १४ जण गेले. आदल्या रात्री शेपटीवरच्या आडव्या पंखाच्या पुढच्या कडेची रबरी पट्टी बदलायची होती. संध्याकाळच्या शिफ्टने डाव्या बाजूचे वरचे ४७ स्क्रू काढले. शिफ्ट बदलली. रात्रीच्या शिफ्टने उजव्या बाजूचं काम केलं, डावीकडचे वरचे स्क्रू काढलेत हे त्यांना कळलंच नाही. काढल्याची नोंद नाही, तोंडी निरोप तुकड्यातुकड्यांत, एकाचा दुसऱ्याला, दुसऱ्याचा तिसऱ्याला. त्या विमानाची शेपटी टी आकाराची, पंख उंच टोकावर. खालून वरची बाजू दिसत नाही. सकाळी पहिली फेरी नीट झाली. परतीच्या फेरीत ती कड उखडली.

चौकशी मंडळाने ठपका ठेवला तो देखभाल आणि तपासणी करणाऱ्यांनी ठरलेली पद्धत न पाळण्यावर, आणि त्यांच्यावरच्या देखरेखीवर. मंडळाचे एक सदस्य, जॉन लॉबर, यांनी वेगळं मत नोंदवलं. त्यांचं म्हणणं असं की सुरक्षिततेची सवय वरच्या व्यवस्थापनाने रुजवली नाही, हे मूळ कारणांत लिहायला हवं. माझ्या क्षेत्रात ते पान आजही वाचून दाखवतात.

मला त्या रात्री उठवणाऱ्या माणसावर राग नाही, त्याच्यावरही कुणाचा तरी फोन होता. पण ‘हातातलं काम कुठल्या पायरीवर आहे, सोडता येईल का?’ एवढं विचारायची पद्धत तिथे नव्हती. नंतर ती आली. आता आमच्याकडे कामावरून उठवायचं असेल तर आधी पायरी विचारतात. एखादी पायरी अशी असते की ती संपल्याशिवाय उठायचंच नाही, मग विमानाला उशीर झाला तरी. लोहगावला सकाळी बोर्डवर ‘तांत्रिक कारणामुळे उशीर’ दिसलं की कधीकधी त्याचा अर्थ एवढाच असतो की कुणीतरी ट्रेमधले बोल्ट मोजतंय.

नळस्टॉप

हे शेवटचं वाक्य मी आमच्या ऑफिसच्या ग्रुपवर टाकतोय, परवानगी आहे ना? चुकलो, ‘ना’ नको. परवानगी आहे का?

धानोरीकर

आहे. जरूर टाका.

निवृत्त_एअरमन

चौथं_सेमिस्टर, तुला एक सांगतो. पहिल्या महिन्यात खिशात छोटी वही ठेव. दिवसभरात जे जे उघडलंस ते लिही, बंद झालं की खोड. घरी जाताना न खोडलेली ओळ दिसली तर गेटवरून परत फिर. मी तीनदा परत फिरलोय. दोनदा काम झालेलं होतं. एकदा नव्हतं.

चौथं_सेमिस्टर

वही घेतली सर, आजच. अप्पा बळवंत चौकातून.

धानोरीकर सर, एक शेवटचं विचारतो. त्या रात्री रेडिओवर हाक आली तेव्हा तुमच्याकडे अर्धा मिनिट असेल. तेवढ्या वेळात काय लिहायला हवं होतं? नेमके शब्द सांगा ना, मला वहीच्या पहिल्या पानावर उतरवायचे आहेत.

धानोरीकर

आधी झालेल्या पायऱ्यांवर सह्या. मग एक चिठ्ठी, हबकॅपच्या जागी चाकावरच चिकटवलेली, म्हणजे ती काढल्याशिवाय हबकॅप बसूच नये. जोडीदाराला ती मोठ्याने वाचायला लावायची आणि मगच उठायचं. मजकूर असा:

‘डावं, बाहेरचं चाक. नट: पहिला टॉर्क दिला, सैल केला, दुसरा टॉर्क दिला. लॉकचे बोल्ट लावलेले नाहीत. हबकॅप लावू नये. वेळ २.४०. बोल्ट २ नग, ट्रेमध्ये, फडक्याखाली.’